जीपला जादा दिवे लावताना समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून

इंदूरहून महूमार्गे जाम गेटकडे जा, नाहीतर खंडवा रस्त्याने सिमरोल मागे टाकून भेरूघाटातून चोरलकडे उतरा, कंपनीचे हेडलॅम्प कमी पडतात हे पहिल्याच आडवळणावर कळतं. पावसाळ्यात ढग थेट रस्त्यावर येऊन बसतात. सोयाबीनच्या हंगामात मागे साधी लाल काचही नसलेल्या ट्रॉल्या अंधारात पुढे चाललेल्या असतात. अशा वेळी जादा दिव्यांची गरज खरीच असते. पण त्याच वळणावर समोरून मोटरसायकलवर नवरा-बायको आणि मधे एक लेकरू येत असतं. ताशी ४० च्या वेगाने जाणारा माणूस तीन सेकंद आंधळा झाला, तर तेवढ्यात तो ३३ मीटर पुढे गेलेला असतो, आणि घाटात ३३ मीटरमध्ये एक अख्खं वळण येऊन जातं.

दिवा जरा खाली वाकवला की झालं, असा सगळीकडे समज आहे. तो चुकीचा आहे. डोळे दिपणं तीन गोष्टींवर ठरतं: दिव्याच्या झोताला वरची कड आहे का, दिवा किती उंचीवर आहे, आणि डिपर मारल्यावर, म्हणजे हेडलॅम्पचा झोत खाली घेतल्यावर, तो विझतो का. कोन या तिन्हींच्या नंतर येतो.

कोणता दिवा घ्यायचा

बाजारात मिळणारे चौकोनी एलईडी पॉड बहुतेक ‘फ्लड’, म्हणजे चहूकडे प्रकाश पसरवणारे असतात. त्यांचा झोत समजा ६० अंशांचा आहे, म्हणजे मध्यरेषेच्या वर ३० आणि खाली ३०. असा दिवा बंपरवर ६० सेंटिमीटर उंचीवर लावला आणि समोरच्याच्या डोळ्यात काहीच जाऊ नये म्हणून वाकवायला घेतला, तर त्याला जवळजवळ ३० अंश खाली झुकवावं लागतं. मग झोताचा मध्य गाडीपुढे जेमतेम एक मीटरवर जमिनीत जातो. म्हणजे दिवा निरुपयोगी झाला. तो थोडासाच वाकवून चालवणाऱ्याला स्वतःला बरं दिसतं, पण वरचा अर्धा झोत समोरच्याच्या तोंडावर तसाच राहतो.

म्हणून रस्त्यावर वापरायचा दिवा खऱ्या फॉग लॅम्पच्या झोताचा हवा. त्याचा प्रकाश आडवा पसरतो आणि वरून सरळ रेषेत कापला जातो. दुकानात तपासणं सोपं आहे. दिवा बॅटरीला जोडून तीन-चार मीटरवरच्या भिंतीवर पाडा. वर स्पष्ट आडवी रेघ दिसली आणि रेघेच्या वर अंधार असला तर घ्या. गोल किंवा अंडाकार डाग पडला, कडा विरत गेल्या, तर तो रस्त्याचा दिवा नाही, पाकिटावर ‘फॉग’ असं कितीही मोठं छापलेलं असो. युरोपीय मानकाच्या फॉग लॅम्पच्या काचेवर वर्तुळातल्या इंग्रजी ई अक्षराजवळ बी किंवा एफ३ असं कोरलेलं असतं. तेही पाहा, पण शेवटचा निर्णय भिंतीवरच्या रेघेवर घ्या, कारण खोटी अक्षरं छापणं अवघड नाही.

लांबवर मारणारा ड्रायव्हिंग लाइट, स्पॉट आणि लाइट बार ही वेगळी जात. यांना वरची कड नसते. समोरून कोणी येत नसेल अशाच जागी ते लावायचे असतात.

रंगाबद्दल थोडं. पिवळा प्रकाश धुकं भेदतो असं सर्रास सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा काय किंवा पांढरा काय, जवळपास सारखाच विखुरतो. पिवळ्याचा खरा फायदा निराळा आहे. ६००० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो, आणि निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्याला जास्त टोचतो. एवढ्यासाठीच आम्ही ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळा दिवा सुचवतो.

पाकिटावरच्या वॉटवर विसंबू नका. दिवा चालू करून अँपिअर मोजा आणि व्होल्टने गुणा. १३.५ व्होल्टवर ३ अँपिअर ओढणारा दिवा ४० वॉटचा असतो, पाकिटावर १२६ लिहिलेलं असलं तरी.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले दोन नियम इथे लागू होतात. नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा. कोणाचे डोळे दिपता कामा नयेत हेही त्यात मोजून दिलं आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून ०.५ मीटर बाहेर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याचे. नियम १११ नुसार पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावताच येत नाही, चालू असो वा बंद.

म्हणून आमची शिफारस अशी: गाडीवर कायमचे फक्त कड असलेले फॉग लॅम्प ठेवा. स्पॉट किंवा बार काढता येण्याजोग्या ब्रॅकेटवर आणि पाणी न शिरणाऱ्या कपलरवर बसवा. रानातल्या ट्रॅकवर पोचल्यावर जोडा, डांबरी रस्त्यावर यायच्या आधी उतरवून डिकीत ठेवा. हाताने फिरवायच्या दोन मोठ्या नॉब-बोल्टवर हे काम पाच मिनिटांत होतं.

जागा

फॉग लॅम्प जितका खाली तितका चांगला. आंतरराष्ट्रीय नियमांत साध्या प्रवासी गाडीसाठी ही उंची २५ ते ८० सेंटिमीटर धरली आहे. ऑफ-रोड गाडीला ५५ ते ६५ सेंटिमीटर सोयीचं पडतं. त्याहून खाली लावला की दगड आणि पाणी त्याला सुखाने जगू देत नाहीत. वर लावला तर पुढच्या छोट्या गाडीच्या आरशात सरळ शिरतो. धुळीत आणि धुक्यात दिवा नजरेपासून लांब असणं फार महत्त्वाचं आहे. दिवा आणि डोळा जवळजवळ एकाच रेषेत आले की धुळीच्या कणांवर आपटून प्रकाश थेट आपल्याकडेच परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. उन्हाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीच्या गाडवाटेवर एक गाडी पुढे गेली की छतावरचा बार याच कारणाने कुचकामी ठरतो.

छतावरच्या बारची दुसरी अडचण बॉनेट. त्यावर पडलेला प्रकाश काचेतून चालवणाऱ्याच्या डोळ्यात येतो. बार छताच्या पुढच्या कडेपासून १०-१५ सेंटिमीटर मागे घेतला तर छताची कडच खालचा झोत अडवते. तरीही चमक राहिली तर बॉनेटवर काळं मॅट विनाइल लावावं लागतं.

बुल बारवर (बंपरपुढे लावतात त्या लोखंडी पाइपच्या गार्डवर) दिवे लावू नका, कारण बुल बारच लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. पायी चालणाऱ्याला तो लोखंडी पाइप जीवघेणा ठरतो, आणि धडकेचा जोर वेगळ्या वाटेने गेल्यामुळे एअरबॅगचा हिशोबही बिघडतो. बंपरमागच्या बीमला कंपनीने दिलेली भोकं असतात, टो-हुकचे बोल्ट असतात. ब्रॅकेट त्यांनाच पकडवा. नवीन भोक पाडू नका. रेडिएटर, इंटरकूलर आणि नंबर प्लेट यांच्यापुढे काहीही येऊ देऊ नका.

ब्रॅकेट आणि बोल्ट

थरथरणारा दिवा बरोबर लावलेला असला तरी डोळे दिपवतोच, कारण खड्ड्यात त्याची कड सतत वर-खाली उडत असते. ब्रॅकेट ४ ते ५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचा करा. बाहेर आलेला भाग ८ सेंटिमीटरहून लांब असेल तर मागून तिरका आधार द्या. बोल्ट एम८ (८ मिलिमीटर जाडीचा), ८.८ ग्रेडचा, नायलॉक (थरथरीने सैल न होणारा) नट आणि जाड वॉशर. लोखंड-लोखंड जोडावर साधारण २५ न्यूटन-मीटर कस द्या. दिव्याचा पाय ॲल्युमिनियमचा असेल तर दिव्याच्या कागदावर दिलेला आकडाच पाळा, नाहीतर पायाच फाटतो. मधे रबरी वॉशर घालण्याची पद्धत आहे, ती टाळा. रबर दबतं, जोड सैल होतो आणि दिवा मान टाकतो. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावलं नाही तर दोन पावसाळ्यांनंतर तो बोल्ट हॅक्सॉनेच कापावा लागतो. हार्डवेअरचं हे सगळं सामान इंदुरात सियागंजमध्ये मिळतं. ग्रेड मात्र बोल्टच्या डोक्यावर कोरलेला बघून घ्या.

वायरिंग: डिपर मारला की विझलं पाहिजे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जादा दिव्याला स्वतंत्र बटण देऊन थेट बॅटरीवर जोडलं, की समोरून गाडी आल्यावर चालकाला दोन कामं करावी लागतात: डिपर मारायचा आणि बटण शोधायचं. घाटात दुसरं काम राहूनच जातं. म्हणून स्पॉट किंवा बारचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) अप्परवर, म्हणजे हेडलॅम्पच्या लांबच्या झोतावर, चालवा. अप्पर गेला की तेही गेले.

चार पायांचा १२ व्होल्ट ४० अँपिअरचा रिले घ्या. ३० नंबरच्या पायावर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून येतो, ८७ वरून दिव्यांना जातो. ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, जी जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर ओढते. बटण या कॉइलच्या वायरीत बसवा. दिव्याचा पूर्ण करंट बटणातून नेला की बटण वितळतं.

कॉइलला अप्पर कुठून द्यायचा? एच४ बल्बच्या (एकाच बल्बात अप्पर-डिपर दोन्ही असलेल्या) गाडीत बल्ब जोडलेलाच ठेवून कपलरच्या मागून मल्टिमीटरची टोकं घाला आणि तिन्ही पाय जोडी-जोडीने तपासा. ज्या जोडीवर डिपर असताना शून्य आणि अप्पर लावल्यावर १२ व्होल्ट येतात, तीच जोडी हवी. कॉइल त्या दोघांमध्ये जोडा, त्यातला जो प्लस असेल तो ८६ ला. काही गाड्यांत हेडलॅम्पचा प्लस कायम असतो आणि बटण मायनस तोडतं. तिथे ८५ नेहमीसारखा बॉडीला अर्थ केला तर दिवे डिपरवरही पेटलेले राहतात, आणि मेकॅनिक रिलेला दोष देत बसतो. जोडी शोधून लावली की गाडी कोणत्याही प्रकारची असो, जोडणी बरोबरच येते. कॉइलच्या दोन पायांत १एन४००७ डायोड टाका, त्याची पट्टी असलेली बाजू ८६ कडे. कॉइल बंद होताना उठणारा झटका तिथेच जिरतो.

एलईडी हेडलॅम्प आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या नव्या गाड्यांत हे करू नका. तिथे अप्परचा पुरवठा तुटक ठोक्यांत येऊ शकतो, रिले भुणभुणतो, आणि डॅशवर इशारा पेटतो. अशा गाडीला तिच्यासाठीच बनवलेला तयार हार्नेस (वायरींचा जोडसंच) वापरा. मूळ वायर कोणत्याही गाडीत कापू नका.

फॉग लॅम्पची कॉइल पार्किंग लाइटवर आणि स्वतःच्या बटणावर चालवा. कड नीट असेल तर ते डिपरसोबत चालतात. पण धुकं ओसरलं की बंद करा. गाडीपुढची पहिली १५ मीटर जागा लख्ख उजळली की बुबुळ आकसतं आणि लांबचं उलट कमी दिसतं.

आता वायर आणि फ्यूज. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, १३.५ व्होल्टवर ८ अँपिअर. याला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ३ मीटर आणि परतीचे ३ मीटर धरले तर या वायरीत सुमारे ०.३४ व्होल्ट पडतात. १.५ ची वायर घातली तर तोच आकडा ०.५७ वर जातो. हॅलोजनमध्ये व्होल्टेज ५ टक्के घटला की प्रकाश सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, म्हणून वायरीत वाचवलेले पैसे दिव्यात जातात. २० वॉटच्या दोन एलईडींना ३ अँपिअर लागतात, तिथे १.५ ची वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. खरोखर १८० वॉट ओढणाऱ्या बारला ४ चौरस मिलिमीटर आणि २० अँपिअर.

फ्यूज बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत हवा. तो रिलेजवळ बसवला तर मधली वायर घासून बॉडीला लागल्यावर काहीच तुटत नाही आणि आग लागते. जोड क्रिम्प करून त्यावर आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. वायरीला चावणारे प्लास्टिकचे झटपट क्लिप घाटातल्या एका पावसाळ्यात हिरवे पडतात. अर्थ स्वच्छ घासलेल्या चेसिस बिंदूवर घ्या. बॅटरीच्या मायनसवर सेन्सरचा डबा असेल तर थेट त्या टोकाला काही लावू नका. रिले पाय खाली करून बसवा आणि दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला आधी खाली झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता झोलातून गळून जातं. नाल्यात उतरण्यापूर्वी दिवे पाच मिनिटं आधी बंद करा. तापलेला दिवा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी ओढून घेते.

झोत लावणे

फोनवरचं कोन मोजायचं ॲप इथे कामाचं नाही. दोन टक्के उतार म्हणजे फक्त १.१५ अंश, आणि दिव्याची पाठ झोताला समांतर असेलच असं नाही. भिंत हाच खरा मोजमापाचा फळा.

१. टायरमध्ये ठरलेली हवा भरा, टाकी अर्धी ठेवा, चालकाच्या सीटवर माणूस बसवा, नेहमीचं सामान मागे ठेवा. गाडी दोन-तीनदा दाबून हलवा, म्हणजे स्प्रिंगा जागेवर बसतील.

२. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतोच. गवंडी वापरतो तो पारदर्शक पाण्याचा पाइप आणा आणि पुढची-मागची चाकं एका पातळीत आहेत का ते पाहा. १ सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालेल.

३. भिंत दिव्यापासून बरोबर १० मीटरवर ठेवा. त्याच पाण्याच्या पाइपने दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर उतरवा आणि आडवी चिकटपट्टी लावा. पाइपने उंची उतरवली की मधल्या जमिनीच्या चढ-उताराने काही बिघडत नाही.

४. फॉग लॅम्पसाठी त्या पट्टीच्या २० सेंटिमीटर खाली दुसरी पट्टी लावा. एका वेळी एकच दिवा पेटवा, दुसऱ्यावर कापड टाका. वरची कड दुसऱ्या पट्टीवर बसली पाहिजे. दिवा ६० सेंटिमीटरवर असेल तर कड ३० मीटरवर जमिनीला टेकते.

५. स्पॉटच्या सर्वांत तेजस्वी ठिपक्याचा मध्य पहिल्या पट्टीच्या १० सेंटिमीटर खाली, आणि डावा-उजवा त्या त्या दिव्याच्या सरळ समोर. आपल्याकडे समोरची गाडी उजवीकडून येते, म्हणून शंका असेल तर उजवा दिवा किंचित डावीकडे घ्या, उलट कधीच नाही.

६. बोल्ट कसल्यावर परत भिंत पाहा. शेवटच्या आट्यात दिवा हमखास सरकतो. मग नट आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पुढे रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे.

आता वजनाचा हिशोब, ज्याच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. तीन दारांच्या महिंद्रा थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिलिमीटर आहे. मागे दोन माणसं, पाण्याचे कॅन आणि तंबू चढला आणि मागचा भाग ५ सेंटिमीटर बसला, तर गाडीचं नाक ५ भागिले २४५, म्हणजे २ टक्क्यांनी वर उठतं. तुम्ही पट्ट्या लावून कमावलेला २ टक्क्यांचा उतार तिथेच संपला, आणि कड समोरच्याच्या डोळ्याकडे वर सरकली. मागचं वजन नेहमी बदलत असेल तर रिकाम्या गाडीवर २० ऐवजी ३० सेंटिमीटर खाली लावा. कड २० मीटरवर जमिनीला टेकेल, आणि धुक्यात ज्या वेगाने जायला हवं त्याला तेवढं पुरतं.

मग नियमातलं मोजमाप प्रत्यक्ष करा. दिव्यापुढे ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर काठी उभी करा आणि तिच्यावर १.५ मीटरला खूण करा. गाडीत दुसऱ्याला बसवा, डिपर आणि फॉग चालू करायला सांगा, आणि डोळा त्या खुणेशी नेऊन पाहा. दिव्याची काच नुसती उजळलेली दिसली तर ठीक. आतला चमकणारा ठिपका थेट डोळ्यात आला, तर कड नाही किंवा कोन चुकला आहे. तिथूनच अप्पर आणि डिपर पाच-सहा वेळा मारायला लावा, बारसुद्धा जोडून. प्रत्येक वेळी डिपरबरोबर बार त्याच क्षणी विझला पाहिजे. पासिंगचा इशारा दिला की अप्परवर जोडलेला बारही क्षणभर पेटतो, म्हणून तो गाडीवर असताना समोर वाहन दिसलं की त्याचं बटणही बंद ठेवा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर बोल्टवरच्या रेघा पाहा. टायरचा आकार बदलला, लिफ्ट किट बसवला किंवा मागचे कमानपाटे बदलले, तर पाण्याचा पाइप परत काढा आणि भिंतीपासून पुन्हा सुरुवात करा.